उपग्रह इंटरनेट : आधी गावाला, मग घराला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट कंपनीसोबत इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या आणि उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम या जिल्ह्यांची नावे पुढे आली, तेव्हापासून विदर्भात या सेवेबद्दल मोठी अपेक्षा आहे. ती रास्तही आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तिकडच्या जंगलातून इंटरनेटची फायबर केबल टाकण्यापेक्षा ती टिकवणे अधिक अवघड जाते.

पण ही सेवा घरोघरी पोहोचेल, हे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये महिन्याचा खर्च सुमारे ३,००० रुपये येईल आणि स्टारलिंकला देशात २० लाखच ग्राहक घेता येतील, असे सांगितले होते. रोजगार हमीवर दिवसाला ३१२ रुपये (२०२५-२६ चा राज्यातील दर) मिळवणाऱ्या मजुराची ही जवळजवळ दहा दिवसांची कमाई झाली, आणि उपग्रहाचा सिग्नल घेणारी डिश व राउटर यांची किंमत त्यात धरलेली नाही. शिवाय देशात सहा लाखांहून अधिक खेडी आहेत. सर्वच्या सर्व जोडण्या खेड्यांना दिल्या, तरी एका गावाच्या वाट्याला जेमतेम तीन येतात.

तशा त्या सर्व खेड्यांना मिळणारही नाहीत. उपग्रहाचा झोत जमिनीच्या ज्या भागावर पडतो, तेथील सर्व ग्राहक एकच क्षमता वाटून घेतात. त्यामुळे नागपूर शहरात ग्राहक वाढले, तर लगतच्या हिंगणा तालुक्यातील गावांचा वेग कमी होणार. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने मे २०२५ मध्ये शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकारण्याची शिफारस केली खरी, पण महिन्याला बेचाळीस रुपयांनी शहरातला कोणता ग्राहक मागे हटेल?

प्रत्यक्ष वापरातही अडचणी आहेत. डिशला मोकळे आभाळ लागते. कौलारू छपरावर साग किंवा मोहाची फांदी आडवी आली, तरी जोडणी पुन्हा पुन्हा तुटते. मुसळधार पावसात सिग्नल कमजोर होतो, म्हणजे पुराने गाव तुटलेले असते नेमक्या त्याच दिवसांत. नेहमीच्या आकाराच्या डिशला साधारण ७५ ते १०० वॅट वीज अखंड लागते. जिथे वादळवाऱ्यात दोन-दोन दिवस लाइन येत नाही, तिथे सौर पॅनेल आणि बॅटरीवाचून ती डिश निरुपयोगी आहे, आणि हा खर्च कोणी करायचा याची चर्चा कुठेच दिसत नाही.

म्हणून सरकारला आग्रहाची विनंती आहे की, गावातील पहिली जोडणी आरोग्य उपकेंद्र, आश्रमशाळा किंवा ग्रामपंचायतीला द्यावी, तिथून गावकऱ्यांना वायफाय मिळावे आणि मासिक बिल किमान पाच वर्षे राज्याने भरावे. हा बोजा ग्रामपंचायतीवर टाकला, तर पहिल्या वर्षातच डिश बंद पडेल. सौर संच व दुरुस्तीची जबाबदारी करारातच लिहिलेली असावी. तसेच उपग्रहाचे निमित्त करून भारतनेटचे, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेचे, काम लांबवू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि जिथे फायबर पोहोचू शकते तिथे तेच स्वस्त व भरवशाचे आहे. कोणत्या गावाला फायबर आणि कोणत्या गावाला उपग्रह, याची तालुकानिहाय यादी सरकारने करार अंतिम होण्यापूर्वी जाहीर करावी.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी,
नागपूर