दिवाळीच्या रंगाआधी पुराची खूण नोंदवा

महोदय,

माढा तालुक्यात सीना नदीच्या काठावर माझं दूध संकलन केंद्र आहे. घटस्थापनेच्या आठवड्यात सीनेला जो पूर आला, त्याच्या बातम्या आपल्या पत्रात सविस्तर आल्या. 7 ऑक्टोबर 2025 ला राज्य सरकारनं पूरग्रस्तांसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यावरही भरपूर लिहून आलं. मला लिहायचंय ते पाणी येण्याआधीच्या काही तासांबद्दल.

आमच्याकडचा पाऊस थांबला तरी सीना चढतच राहते. नगर, बीड, धाराशिवकडं कोसळलेलं पाणी ओढ्या-नाल्यांतून आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून खाली येतं. धरणं भरलेली असताना पाणी सोडावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती इशाऱ्याबद्दल. मोबाइलवर मेसेज येतो, 'विसर्ग वाढवून अमुक हजार क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' ऑगस्टपासून हेच वाक्य येत होतं, फक्त आकडा बदलायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, एवढा हिशेब मी दूधवाला करू शकतो. पण त्या आकड्याला पाणी माझ्या गोठ्याच्या गव्हाणीला लागणार की पत्र्याला, हे त्यातून मला कसं कळावं?

आणि हे आधी कळायलाच हवं, कारण माणसं घटकाभरात निघतात, जनावरं निघत नाहीत. दावं भिजलं की गाठ आवळते, हातानं सुटत नाही. माझ्याकडं दूध घालणाऱ्या एका वहिनींनी अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून विळ्यानं दावी कापली. मोकळी झालेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची गाय तरी गोठा सोडेना, वासराकडंच वळत होती. वासरू उचलून पुढं नेलं तेव्हा कुठं ती मागं निघाली. पुरात अडकतो तो असाच अडकतो. बाहेर पडलेला माणूस जनावरांसाठी पुन्हा पाण्यात शिरतो. दुधाळ जनावरामागं 37,500 रुपये मदत आहे. तेवढ्यात तशी गाय बाजारात मिळत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग तो शिरणारच.

आम्ही दुष्काळातली माणसं. चारा छावण्या, टँकर, उन्हाळ्यात भीमा-सीना बोगद्यातून पाणी सोडा म्हणून निवेदनं, हे सगळं आम्हाला पाठ आहे. पुराचं मात्र आमच्यापाशी काहीच मोजमाप नाही.

ते आज भिंतींवर आहे. घरांवर, समाजमंदिरावर, शाळेवर, विजेच्या खांबांवर गाळाची रेघ अजून स्पष्ट दिसते. पण दिवाळी तोंडावर आली आहे. लोक भिंती धुतील, चुना मारतील, रंग देतील आणि रेघ पुसली जाईल. म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि जलसंपदा विभागाला विनंती आहे की पंचनाम्याला फिरणाऱ्या तलाठी-ग्रामसेवकांनी याच फेरीत प्रत्येक गावातल्या दोन-तीन ठिकाणी रेघेची उंची मोजून फोटोसह नोंदवावी. पुराच्या रात्री कोणत्या धरणातून किती विसर्ग होता याची नोंद विभागाकडं आहेच. दोन्ही शेजारी ठेवून पुलाच्या खांबावर आणि शाळेच्या भिंतीवर पक्क्या रंगात खुणा माराव्यात. मग पुढच्या वेळी मेसेज असा यावा : 'रात्री दहापर्यंत पाणी शाळेच्या पिवळ्या खुणेपर्यंत येईल, जनावरं गायरानावर न्या.' वीज आणि मोबाइलचा टॉवर दोन्ही बंद पडतात, तेव्हा हाच निरोप पोलीस पाटलांमार्फत आणि देवळाच्या बॅटरीवरच्या भोंग्यावरून द्यावा.

खर्च रंगाच्या डब्यांचा आहे, तो गाव करील. उंची कुठून मोजायची हे सांगायला एक अभियंता तेवढा वसुबारसेच्या आत पाठवावा.

– एक दूध उत्पादक, सीनाकाठ, ता. माढा, जि. सोलापूर