सगळेच धक्के आणि सगळेच गौप्यस्फोट?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अनपेक्षित काही घडले किंवा झाकलेले उघड झाले, की त्यासाठी इंग्रजीत डझनभर शब्द आहेत. बातम्यांत आणि भाषांतरांत मात्र त्या सगळ्यांची बोळवण 'धक्का' आणि 'गौप्यस्फोट' या दोनच शब्दांवर होते. इंग्रजी शब्द मराठीत आणण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: माणूस ती गोष्ट शोधत होता का, आणि ती कुणी मुद्दाम उघड केली की आपोआप उघडी पडली.

पहिल्या प्रश्नावर 'सेरेंडिपिटी' आणि 'युरेका' यांची ताटातूट होते. 'युरेका' हे ग्रीक क्रियापद, अर्थ 'मला सापडले'. आर्किमिडीजची ती गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने सांगितली आहे. मुकुटाचे सोने शुद्ध आहे का, हे कोडे आर्किमिडीजच्या डोक्यात आधीपासून घोळत होते, म्हणून 'सापडले' म्हणता आले. सेरेंडिपिटीत शोध एका गोष्टीचा असतो आणि हाती दुसरीच लागते. हा शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात घडवला, सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. सेरेंदिप म्हणजे श्रीलंका. नावाचे मूळ आपल्या सिंहलद्वीपात आहे. वॉलपोलने योगायोगाबरोबर चाणाक्षपणाही मागितला होता. अलीकडे तो गळतो आणि 'सुदैव' तेवढे उरते.

आपल्याकडचे काकतालीय आणि घुणाक्षर हे न्याय इथे जवळचे वाटतात, पण तेही पुरत नाहीत. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, हा निव्वळ योगायोग. किडा लाकूड पोखरतो, त्यात अक्षर उमटते, पण किड्याला ते वाचता येत नाही. सेरेंडिपिटीसाठी किडा साक्षर हवा! १९२८ साली पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या जिवाणू वाढवायच्या बशीत बुरशी उतरली हा योगायोग. बुरशीभोवतीचे जिवाणू नाहीसे झालेले पाहून बशी फेकून न देता तो थांबला, हा चाणाक्षपणा. एका शब्दाचा हट्ट सोडून 'शोधत नसताना नेमके हेरलेले' असे काही लिहिले तर बिघडत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर 'रिव्हीलिंग' हे विशेषण हमखास घसरते. एखादी मुलाखत 'रिव्हीलिंग' असते तेव्हा बोलणाऱ्याने रहस्य फोडलेलेच असते असे नाही. बहुधा त्याच्या नकळत त्याचा स्वभाव किंवा हेतू दिसून गेलेला असतो. तिला 'गौप्यस्फोट करणारी मुलाखत' म्हटले, की वाचक नसलेला बॉम्ब शोधत बसतो. 'मुलाखतीतून बरेच काही कळून येते' एवढे पुरे. गौप्यस्फोटाला आधी गुपित लागते आणि ते फोडणारा लागतो.

'रेव्हलेशन'च्या पोटात लॅटिन 'वेलुम' म्हणजे पडदा आहे. पडदा दूर सारणे हा मूळ अर्थ. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला मराठीत 'प्रकटीकरण' म्हणतात ते म्हणूनच. त्याच पुस्तकाच्या ग्रीक नावातून 'अपॉकॅलिप्स' आला. त्याचाही अर्थ आच्छादन काढणे असाच होता. पुस्तकातल्या संहारामुळे आज तो प्रलयाला चिकटला आहे.

'एपिफनी' अधिक अवघड. मूळ अर्थ दर्शन देणे, प्रकट होणे; ६ जानेवारीचा ख्रिस्ती सण याच नावाचा. जेम्स जॉइस या आयरिश कादंबरीकाराने तो शब्द धर्माबाहेर आणला: साध्या बोलण्यातून किंवा क्षुल्लक वस्तूतून एकाएकी काहीतरी लख्ख कळणे. त्याला 'साक्षात्कार' म्हणण्यात धोका आहे, कारण मराठीत हा शब्द निम्मा वेळ टोमणा असतो. 'आता कुठे साक्षात्कार झाला' असे आपण कुणाला म्हणतो ते आठवावे. गंभीर मजकुरात 'उमगले' किंवा 'उलगडा झाला' चालेल. 'ट्यूब पेटली' बोलण्यात छान, पण तिच्यात उशीर गृहीत धरलेला आहे. 'आय-ओपनर'साठी 'डोळ्यांत अंजन घालणारे' तयार आहे. मात्र त्यात वाचकाच्या बेसावधपणावर ठपका येतो, तो इंग्रजीत असेलच असे नाही.

'सरप्राइज'चे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, झडप घालून पकडणे. लष्करी मजकुरात तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून 'सरप्राइज अटॅक' म्हणजे 'आश्चर्यकारक हल्ला' नव्हे. शत्रू गाफील असताना घातलेला घाला. 'सरप्राइज टेस्ट' ही अचानक घेतलेली चाचणी, आणि निकाल 'सरप्रायझिंग' असेल तर तो अनपेक्षित.

सर्वांत महाग चूक 'शॉक'ची. डॉक्टर 'रुग्ण शॉकमध्ये आहे' म्हणतात तेव्हा त्याच्या मनाला काय वाटले हा विषयच नसतो. रक्ताभिसरण इतके मंदावलेले असते, की अवयवांना पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही आणि जीव धोक्यात येतो. त्याचे 'रुग्णाला धक्का बसला आहे' असे छापले, की नातेवाईक धीर देत बसतात. तिथे 'रक्ताभिसरण कोलमडले आहे' असेच लिहायला हवे.

आपला,
एक भाषांतरकार