ओबिदुशच्या त्या आजींना

आजी,

तुमचं नाव मला माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं आणि वसईला परतल्यापासून ती रुखरुख मनातून जात नाही. तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे. लिस्बनमधली माझी मैत्रीण यातल्या चार ओळी पोर्तुगीजमध्ये करून तुमच्या दारात येऊन वाचून दाखवणार आहे. पण आई म्हणाली, "आधी आपल्या भाषेत लिही. मनातलं सगळं येतं त्यात." म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांनी वाचावं असं उघडं.

आईने वसईच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी मुलांना घेऊन किल्ल्यात जायची. १५३४ ते १७३९, दोनशेच्या वर वर्षं तिथे तटाच्या आत पोर्तुगीजांचं भरलेलं शहर होतं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढे ते ओस पडत गेलं. आता छप्पर नसलेली चर्चं आहेत आणि भिंतींतून उगवलेले पिंपळ. मुलं विचारायची, "बाई, इथे माणसं राहायची म्हणजे कशी?" आई सांगायची खरी, पण तिलाही ते डोळ्यांनी बघायचं होतं. तट शाबूत आहे, आत घरं आहेत आणि घरांत माणसं आहेत, असं गाव. बाबांनी तिला नेईन म्हटलं होतं. ते दोन वर्षांपूर्वी गेले. मग मी नेलं.

पोर्तुगालमध्ये, लिस्बनपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर तुमचं गाव, ओबिदुश. वेशीच्या आतल्या निळ्या फरशांवर आईने हात फिरवला आणि तिथूनच तिचा तास सुरू झाला. ११४८ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेश याने हे गाव मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून घेतलं. १२८२ मध्ये दिनिश राजाने ते इझाबेल राणीला लग्नात दिलं आणि तेव्हापासून १८३४ पर्यंत ते पोर्तुगालच्या राण्यांकडे राहिलं. पांढऱ्या घरांना खाली निळे, पिवळे पट्टे, आणि वर दीड किलोमीटरचा तट, आतल्या बाजूला कठडा नसलेला. खिडकीखाली वाळत घातलेले कपडे बघून आई म्हणाली, "हे. हेच बघायचं होतं मला." तेव्हा ती जितकी खूश होती तितकी मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती.

सांता मारिया चर्चच्या चौकाकडे उतरणाऱ्या गल्लीत तिचा पाय मुरगळला. झिजून गुळगुळीत झालेले दगड, वर सकाळचा पाऊस. ती पडली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढची वीस मिनिटं मला विसरता येत नाहीत, आणि ती मी मुद्दाम लिहिते आहे. ज्यांना पैसे मोजून आम्ही आलो होतो त्या सहलवाल्यांना फोन केला. बस थांबणार नाही, पुढची दोन गावं बाकी आहेत, तुमचं तुम्ही बघा, असं उत्तर आलं. अडुसष्ट वर्षांची बाई रस्त्यात बसली आहे, हे मी दोनदा सांगितलं. बस गेली. जवळच्या एका खाण्याच्या जागी खुर्ची मागितली, तर ती गिऱ्हाइकांसाठी आहे म्हणाले. मी म्हटलं, कॉफी घेते, चार घेते. टेबलं राखीव आहेत म्हणाले. चॉकलेटच्या इवल्या कपांतून जिंजा, म्हणजे आंबट चेरीची दारू पिणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. एकाने फोटोत आम्ही येऊ नये म्हणून कॅमेरा जरा वर धरला. त्या क्षणी मला आईवरही राग आला, कशाला आलो आपण इतक्या लांब, म्हणून. त्याची लाज वाटते.

आणि मग तुमचं दार उघडलं.

तुम्ही काही विचारलं नाही. आधी खुर्ची आली, मग तुम्ही. काळा झगा, वर फुलाफुलांचं एप्रन, ऐंशीच्या पुढचं वय. मला आत बोट दाखवून म्हणालात, "बाल्द!" मी बघतच राहिले. आई दुखण्यात होती, तरी तीच म्हणाली, "अगं, बालदी म्हणताहेत त्या. बालदी आण." तुमच्या मोरीतून गार पाण्याची बालदी मी उचलून आणली. आईचा पाय तुम्ही स्वतः उचलून त्यात ठेवलात.

पाय सुजत चालला होता आणि सूज बोटांपर्यंत उतरली होती. आईच्या पायात जोडवी आहेत, बंद वळ्याची, जुन्या घडणीची, पंचेचाळीस वर्षांची. दुसरं बोट निळसर व्हायला लागलं तशी मी घाबरले. तुमचा शेजारी पक्कड घेऊन आला. त्याचंही चुकलं नव्हतं, मदतीलाच आला होता तो. पण पक्कड दिसली आणि आईने पाय झटकन मागे घेतला.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं, कारण तेव्हा तुम्हाला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. बाबा गेले तेव्हा आमच्या नात्यातल्या काही बायका आईची जोडवी काढायला बसल्या होत्या. आमच्याकडे नवरा गेला की बाईच्या अंगावरून एकेक उतरवतात. आई नको म्हणत होती. एकीने तिचा पाय धरला आणि जोडवं ओढलं, कातडी सोलली तरी ओढलं. आईने त्या दिवशीही असाच पाय मागे घेतला होता. घरची माणसं होती ती. आईचा चेहरा त्यांच्यासमोर होता, पण एकीनेही तो पाहिला नाही.

तुम्ही पाहिलात. शेजाऱ्याचा पक्कड धरलेला हात तुम्ही बाजूला केलात आणि म्हणालात, "साबाँव." या वेळी मलाही कळलं. साबण.

तुम्ही दगडांवर गुडघे टेकलेत. त्या वयात, त्या ओल्या दगडांवर. साबणाचा फेस बोटाला लावायचा, जोडवं तिळभर फिरवायचं, थांबायचं, आईच्या तोंडाकडे बघायचं, पुन्हा तिळभर फिरवायचं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तुम्ही सबंध वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत होतात, लहान मुलाशी बोलावं तसं, आणि आई मराठीत "हो, हो" म्हणत होती.

जोडवं निघालं. मला वाटलं, आता ते माझ्या हातात द्याल. तुम्ही ते एप्रनला पुसलंत, खिशातून रुमाल काढलात, त्याच्या कोपऱ्यात जोडवं ठेवून गाठ मारलीत. रुमाल आईच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटलीत आणि त्या मुठीवर आपला हात ठेवून बसून राहिलात. तुमच्या बोटात दोन अंगठ्या होत्या. एक तुमच्या मापाची. दुसरी मोठी, सैल पडू नये म्हणून दोरा गुंडाळलेली. आईने ती पाहिली. बाबा गेल्यावर चारचौघांत न रडलेली माझी आई तुमच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

आजी, माझे आभार आहेत ते या गाठीसाठी. खुर्ची, पाणी, नंतर तुमच्या शेजाऱ्याने गाडीतून जवळच्या काल्दाश द रायन्या या शहरातल्या दवाखान्यात नेणं, हे सगळं मोठंच. पण पाय कुणीही बरा केला असता. जे काढायचं आहे ते जपून काढायचं आणि ज्याचं त्याच्या हातात परत द्यायचं, हे घरच्यांना सुचलं नव्हतं.

गाडीची वाट बघताना आईने चौकातल्या दगडी खांबाकडे बोट केलं. त्यावर मासळीचं जाळं कोरलं आहे. १४९१ मध्ये पोर्तुगालच्या लिओनोर राणीचा एकुलता मुलगा तेजो नदीकाठी घोड्यावरून पडून गेला, सोळा वर्षांचा. त्याला कोळ्यांनी आपल्या जाळ्यातून उचलून आणलं, असं सांगतात. राणीने पुढे ते जाळंच आपलं चिन्ह केलं. तिला कशाची कमी होती? काल्दाशचं इस्पितळ तिने १४८५ मध्येच उभं केलं होतं. तरी खूण म्हणून निवडलं ते नाव नसलेल्या कोळ्यांचं जाळं. सुजलेला पाय बालदीत ठेवून आई मला हे सांगत होती, आणि तुम्ही तिच्याकडे असं बघत होतात की जणू सगळं समजतंय. तुमच्याच गावची गोष्ट ती, "लिओनोर" ऐकून समजलीही असेल.

हाडाला बारीक चीर होती, सहा आठवड्यांत भरून आली. मागच्या रविवारी आईने जोडवं पुन्हा घातलं, आपल्या हाताने. त्याच नातेवाईक बायकांपैकी एक घरी आली होती. तिच्यासमोर घातलं.

तुमचा रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवला होता. तो तसाच पाठवावा म्हटलं, तर आई रागावली. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, मग रुमाल कसा करायचा? त्यात वसईची सुकेळी बांधली आहेत. पिकली केळी सोलून उन्हात वाळवतात, खूप गोड असतात. मैत्रीण घेऊन येईल. गाठ आईने मारली आहे, जरा घट्ट बसली आहे. सावकाश सोडा.

तुमची,
वसईच्या बाईंची मुलगी