मी नक्की कुठल्या गटातली?

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "तू उजवी झालीस की काय?" मागून आई म्हणाली, "लिबर्टेरियन म्हणजे कर भरायचा नाही का गं?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आई, कर भरते. लिबर्टेरियन म्हणजे माणसाच्या जगण्यात आणि बाजारात सरकारनं कमीत कमी लुडबुड करावी असं मानणारे. आणि उजवी म्हणाल, तर कुणी काय खावं, कुणाशी लग्न करावं हे सरकारनं सांगू नये असं मी म्हणते. उजव्यांना ते कुठे चालतं? कांद्याची निर्यात मात्र सगळ्याच रंगांच्या सरकारांनी रोखली. डिसेंबर 2023 ची बंदी तुम्ही विसरला नसाल.

हे खूळ घरातूनच आलंय, बाबा. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला तुम्हीच लावत होतात. 'भीक नको, हवे घामाचे दाम' मी बाराखडीआधी शिकले.

पण या विचाराच्या लोकांत आपल्या भावकीपेक्षा जास्त तट आहेत. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रॉथबार्ड पोलीस आणि कोर्टसुद्धा बाजारावर सोपवतात. तिथलेच तत्त्वज्ञ नोझिक सरकार ठेवतात, पण संरक्षण, पोलीस, न्याय एवढ्यापुरतंच. हेन्री जॉर्ज यांना मानणारे म्हणतात, कष्टावर कर नको, जमिनीच्या मोलावर घ्या. आणि ज्यांचं नाव सगळेच घेतात त्या अर्थतज्ज्ञ हायेकना 'लिबर्टेरियन' हे नावच आवडत नव्हतं. 1960 मध्ये त्यांनी तसं लिहूनही ठेवलं.

रॉथबार्डवाल्यांत मी बसत नाही, त्याचं कारण आईचा सातबारा. संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करण्याची, हाक दिल्यानंतर तुम्ही दीड एकर तिच्या नावे केलीत. पुढे काका बांध कोरू लागले, तेव्हा तलाठ्याच्या दप्तरातली नोंद कामी आली. काकांचं भाड्याचं कोर्ट आणि आईचं भाड्याचं कोर्ट अशी गाठ पडली असती, तर कोण जिंकलं असतं ते गावाला ठाऊक आहे.

नोझिकही मला तोकडे पडतात. गरिबाच्या पोराच्या शाळेचे पैसे सरकारनं द्यावेत, शाळा हवी त्यानं चालवावी. किमान आधार हायेकनाही मान्य होता. म्हणून कुणी विचारलंच, तर मी स्वतःला जुन्या वळणाची उदारमतवादी म्हणवते. (पक्ष काढणार नाही, घाबरू नका. 1989 पासून पक्षाच्या नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. खुल्या बाजारवाल्यांनीही!)

बाबा, हमीभावावर मात्र आपलं जमणार नाही. सरकारनं भाव पाडू नये तसा ठरवूही नये, असं माझं मत. दिवाळीत आल्यावर भांडू. आई, तुला कुणाचं पटतं ते आधीच कळव, बाबांना न विचारता.

तुमची,
ताई