लेकीच्या मिळकतीत आईचा नंबर तिसरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्न झालेल्या, स्वतः कमावणाऱ्या अनेक स्त्रिया बँकेत आणि फ्लॅटच्या सोसायटीत आईचे नाव नॉमिनी म्हणून घालतात आणि आपल्यामागे आईची सोय झाली असे धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची होती हे कळते तेव्हा दुरुस्त करायला ती बाई नसते. म्हणून हे पत्र.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सगळ्यांना लागू आहे. नोंदणी पद्धतीने लग्न केले तरी नवरा-बायको दोघेही यांपैकीच असतील तर हाच कायदा चालतो. त्याच्या कलम 15 प्रमाणे मृत्युपत्र न करता स्त्री वारली, तर तिची मिळकत आधी मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखी मिळते. यांपैकी कोणीच नसेल तर नवऱ्याच्या वारसांना. तेही नसतील तर मग तिच्या आईवडिलांना. म्हणजे मूल नसलेल्या विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आधी सासूला, ती नसेल तर सासऱ्यांना आणि त्यानंतर दीर-नणंदांना जातो. सख्खी आई हयात असूनही तिच्या हाती काही लागत नाही. हाच कायदा पुरुषाच्या आईला मात्र त्याच्या बायको-मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गात बसवतो. हा भेद अन्यायाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वोच्च न्यायालयापुढे 2009 मध्ये असेच एक प्रकरण आले होते. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, पुढे तिने नोकरी केली. तिच्यामागे राहिलेल्या बँकेतल्या पैशांवर आणि भविष्य निर्वाह निधीवर आईने हक्क सांगितला. निकाल नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांच्या बाजूने लागला, कारण कलमाचे शब्दच तसे आहेत. विधी आयोगाने 2008 मध्येच आपल्या 207व्या अहवालात या कलमात दुरुस्ती सुचवली होती.

एक अपवाद आहे, पण तो अर्धवट माहिती असला की घोटाळा होतो. आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नवरा हयात असला तरी. मात्र वडिलांनी तोच फ्लॅट बक्षीसपत्राने लेकीला दिला असेल तर तो 'वारसाने आलेला' धरत नाहीत आणि त्याला सासरकडचाच क्रम लागतो. बक्षीसपत्र करून देणाऱ्या वडिलांच्या हे गावीही नसते.

आता नॉमिनीचे. नॉमिनी हा पैसे किंवा कागद ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. बँक त्याला रक्कम देऊन मोकळी होते, वारस नंतर त्याच्याकडून ती मागू शकतात. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 मध्ये आलेल्या कलम 154ब-13 नुसार सोसायटी नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेते, खरा हक्कदार सभासद होईपर्यंत. विम्याच्या बाबतीत 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, नवरा, मुले या नॉमिनींची बाजू बळकट केली. पण तिच्या अर्थावरून वाद झाले आहेत, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नये. भविष्य निर्वाह निधीचा लग्नाआधी भरलेला फॉर्म लग्नानंतर नव्याने भरावाच.

यावर उपाय एकच, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. मात्र दोन साक्षीदार हवेतच. बाईने त्यांच्यासमोर सही करावी आणि त्या दोघांनी तिच्यासमोर. नुसता नोटरीचा शिक्का आणि एकच साक्षीदार, असे मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही. साक्षीदार तिच्यापेक्षा वयाने लहान पण सज्ञान, पत्ता सहज सापडेल असे आणि ज्यांना मृत्युपत्रात काहीही मिळणार नाही असे निवडावेत. पुढे मृत्युपत्र शाबीत करताना त्यांच्यापैकी एकाला तरी साक्षीला उभे राहावे लागते. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली तर मूळ प्रत हरवली तरी प्रमाणित नक्कल मिळते, म्हणून ती करून घेणे शहाणपणाचे.

मजकुरात तीन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, 'आईला' एवढेच लिहून थांबणे. आई लेकीच्या आधी गेली की ती देणगीच रद्द होते आणि फ्लॅट पुन्हा कलम 15 च्या रांगेत जातो. 'आई हयात नसल्यास माझ्या बहिणीला' हे वाक्य लिहायलाच हवे. दुसरी, उरलेल्या मिळकतीचे कलम: 'याखेरीज माझ्या नावे जे काही असेल किंवा पुढे येईल ते अमुक व्यक्तीला'. ते नसले की नंतर उघडलेले खाते, नंतर घेतलेली सोन्याची नाणी मृत्युपत्राबाहेर पडतात. तिसरी, फ्लॅट नवऱ्याबरोबर जोडनावावर असेल तर आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. पूर्ण फ्लॅट लिहिला तरी नवऱ्याचा हिस्सा त्याचाच राहतो. वर्णनात फ्लॅट क्रमांक, इमारत, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि सोसायटीच्या भाग दाखल्याचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक द्यावा. खात्यातली शिल्लक लिहू नये, ती रोज बदलते.

गोव्यात वेगळा कायदा आहे. तिथे मुले, आईवडील अशा वारसांसाठी निम्मा हिस्सा राखीव असतो आणि मृत्युपत्राने उरलेल्या निम्म्याचीच व्यवस्था लावता येते. तिथल्या भगिनींनी तिथल्याच वकिलाला विचारावे.

कलम 15 बदलण्याचे काम संसदेचे आहे आणि ते व्हायलाच हवे. पण एक गोष्ट राज्याच्या सहकार खात्याला लगेच करता येण्यासारखी आहे. सोसायटीच्या नामनिर्देशनाच्या फॉर्मवर, सहीच्या जागेच्या अगदी वर, ठळक अक्षरांत छापावे: 'नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. त्यासाठी मृत्युपत्र करावे.'

– एक वकील, पुणे