कबरस्तानात जाते त्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

मावशीला सहज बोलून गेले आणि ते तुमच्यापर्यंत पोचलंच. आई, घाबरू नकोस. स्वॉन पॉइंट म्हणजे आपली मसणवट नव्हे. प्रॉव्हिडन्स शहरातलं, 1846 सालचं, नदीकाठचं, बागेसारखं राखलेलं कबरस्तान आहे. लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून पक्षी बघायला येतात, म्हातारी जोडपी हातात हात घालून फिरतात. कुणाला विटाळ नाही, घरी गेल्यावर अंघोळ नाही. (मी करते.) मी वाचते तो अमेरिकन भयकथालेखक लवक्राफ्ट, त्याची कबर तिथेच. तो गेला 1937 मध्ये. नावाचा दगड 1977 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बसवला. त्यापाशी लोक पेनं, नाणी ठेवून जातात.

बाबा, तुम्ही विचारलंत, परक्यांचा एवढा तिटकारा असलेल्याचं कशाला वाचायचं? धारपांच्या भयकथा मला तुम्हीच दिल्यात, आता हे विचारता! तिटकारा होता हे खरंच. बायको रशियन साम्राज्यातून आलेली ज्यू, तरी न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांना बघून याचं डोकं फिरायचं. 1925 मध्ये त्याने तिथल्याच रेड हुक वस्तीवर भयकथा लिहिली. तिच्यातलं खरं भूत म्हणजे बोटीतून उतरलेली माणसं. म्हणजे आपणच. पण व्हिक्टर लाव्हॅल हा कृष्णवर्णीय लेखक लहानपणापासून लवक्राफ्टच वाचत आला. 2016 मध्ये त्याने तीच गोष्ट हार्लेममधल्या एका काळ्या तरुणाच्या बाजूने लिहिली. त्या तरुणाच्या बापाला एक गोरा खासगी गुप्तहेर गोळ्या घालतो. म्हणे हातातली गिटार बंदूक वाटली. लवक्राफ्टला भीती कसली, तर विश्वाला माणसाची पर्वा नाही याची. या पोराला वाटतं, पर्वा नसलेली बरी, द्वेष तरी करत नाही! हे वाचून मूळ गोष्ट उघडली, तर राक्षसांपेक्षा लेखकच जास्त घाबरलेला दिसला. माझा प्रबंध यावरच आहे, आणि त्याला विद्यावेतन मिळतं, हे काकांनाही सांगा.

जेवण नीट चाललंय. हप्त्याचे पैसे सोमवारी पाठवले, थोडे जास्त आहेत, ते बाबांच्या मोतीबिंदूसाठी. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे हवी होते, माहितीये. थेंब दादानेच घालावेत, वहिनीवर टाकू नये. नाशिकच्या स्थळाला अजून नाही म्हणू नका; मुलाशी मी स्वतः बोलते. पत्रिका मात्र इतक्यात देऊ नकोस, आई. आणि मी काय शिकते असं त्यांनी विचारलं, तर नुसतं 'साहित्य' म्हण.

तुमची,
मनू