ब्रेक पॅड संपलेली, स्टेपनीत हवा नसलेली गाडी घाटात पाठवल्याबद्दल आणि वर डिपॉझिट कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि कस्टमर केअर टीम,

नमस्कार,

तुमच्या ॲपवरून आम्ही मागच्या विकेंडला भंडारदऱ्याला जायला सेल्फ ड्राइव्ह सात सीटर घेतली होती. बुकिंग नंबर आणि गाडीचा नंबर मेलच्या विषयात टाकलाय. गाडीचे पुढचे ब्रेक पॅड पूर्ण संपलेले होते, पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत होते, स्टेपनीत हवा नव्हती आणि जॅकचा दांडा गाडीतच नव्हता. आम्ही जसे काय परत आलो ते आमचं आम्हाला माहीत, आणि त्यानंतर तुम्ही पाच हजारांच्या डिपॉझिटमधून ४,६५० रुपये कापून ३५० परत पाठवलेत.

पैशांचं खाली लिहितेच, पण आधी अर्जंट गोष्ट सांगते. आज हा मेल लिहिताना मी ॲप उघडून बघितलं, तीच गाडी येत्या शनिवार-रविवारसाठी बुकिंगला उपलब्ध दाखवताय. पुढचे पॅड आम्ही राजूरला बदलून घेतलेत, पण पॅड ज्याच्यावर दाबतात त्या डिस्कवर चर पडल्यात, दुसरा पुढचा टायर तसाच आहे, जॅकच्या दांड्याचंही काही केलंय की नाही मला माहीत नाही. कृपया ती गाडी आधी बंद करा आणि गॅरेजला पाठवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता पहिल्यापासून सांगते.

शुक्रवारी रात्री तुमच्या यार्डातून गाडी घेतली तेव्हा तिथे फक्त वॉचमन होता, तुमचा कोणीही माणूस नव्हता. लाईट एकच, तोही गेटवर. ॲप सांगतं की अर्ध्या तासात आठ फोटो अपलोड करा नाहीतर गाडी ओके आहे असं धरलं जाईल, आम्ही मोबाईलच्या टॉर्चवर आठही फोटो काढून टाकले. त्या आठ फोटोंत चारी बाजू आहेत, काच आहे, मीटर आहे, सीट आहेत, पण टायरची नक्षी दाखवायला जागा नाही, स्टेपनीला नाही, जॅकला तर नाहीच नाही. म्हणजे तुमच्या गाडीला कुठे चरा पडला ते कळायची सोय पक्की आहे आणि आत बसणाऱ्यांचा जीव ज्याच्यावर आहे त्याची काहीच चौकशी नाही. आम्ही पाच मोठी माणसं होतो आणि मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी.

शनिवारी पहाटे निघालो. नारायणगाव, आळेफाटा ओलांडून चंदनापुरी घाट उतरताना पुढच्या चाकातून कर्रर्र असा घासल्याचा आवाज यायला लागला, ब्रेक दाबला की आवाज, सोडला की बंद. संगमनेरला चहाला थांबलो तेव्हा मी स्वतः कस्टमर केअरला फोन केला. मला सांगितलं, "मॅडम, पावसाने डिस्कवर गंज धरतो, दोन-चार ब्रेक मारले की जातो, गाडीची सर्व्हिस हिस्ट्री क्लिअर आहे, तुम्ही बिनधास्त जा." गंजाचं खरं आहे, पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीला होतं तसं, पण ते पहिल्या दोन-चार ब्रेकातच जातं. आमचा आवाज अकोले गेलं, राजूर गेलं, रंधा फॉल मागे पडला तरी चालूच होता, उलट वाढला. मी परत फोन केला तर तक्रार नोंदवली म्हणाले आणि एक मेसेज आला. त्याच्यापुढे काहीही झालं नाही.

गाडी चालवणारा मित्र घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवतोय. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा हे त्याचं ठरलेलं आहे, न्यूट्रल करायचं नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. अख्ख्या प्रवासात उतार लागला की त्याने गाडी सेकंडला ठेवली, गरज पडली तिथे फर्स्टला, म्हणून आज मी तुम्हाला मेल लिहितेय. त्याच्या जागी नुकतं लायसन्स मिळालेला एखादा मुलगा असता, जो उतारावर सतत ब्रेक दाबूनच गाडी आवरतो, तर पॅड नसलेल्या चाकांवर सगळी उष्णता येऊन, ऑइल तापून पेडल खाली बसलं असतं. हे तुमच्या टेक्निकल टीमला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रविवारी सकाळी धरणाला वळसा घालणारा रस्ता घेतला, शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी करून परत शेंडी. सप्टेंबरचा शेवट होता, सोनकी फुललेली, डोंगर पिवळे झालेले, एवढा सुंदर भाग आहे तो. घाटघरचा कोकणकडा बघून साम्रदच्या बाजूला निघालो आणि थोडं पुढे गेल्यावर पुढचा डावा टायर फुटला. स्पीड कमी होता, रस्ता सरळ होता, गाडी कडेला घेता आली. खाली उतरून बघितलं तर टायरला आतल्या बाजूने, जिथे उभं राहून दिसत नाही तिथे, तारा बाहेर आल्या होत्या. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते, त्यासाठी खोबणीत छोटे उंचवटे दिलेले असतात, इथे ते उंचवटे आणि टायर एका पातळीत आले होते. बाजूला चार आकडी कोड होता २६१७, म्हणजे टायर २०१७ च्या २६व्या आठवड्यातला. फोटो जोडलाय, झूम करून बघा.

स्टेपनी काढली तर ती बसलेली. जॅक होता पण फिरवायचा दांडा नाही. मग तुमचं ते लाल एसओएस बटण दाबलं, ते नेट असल्याशिवाय चालत नाही आणि तिथे नेट नाही. मी आणि अजून एक मित्र घाटघरच्या दिशेने चालत मागे गेलो, एका चढावर कसाबसा फोन लागला. तुमचे प्रतिनिधी म्हणाले ॲपवरून लाईव्ह लोकेशन शेअर करा. मी सांगितलं नेट नाहीये, घाटघर-साम्रद रस्ता लिहून घ्या, अकोले तालुका. ते म्हणाले सिस्टीम लोकेशनशिवाय तिकीट घेत नाही. शेवटी सीनियरशी बोलणं झालं तेव्हा उत्तर मिळालं की टोइंग व्हॅन नाशिकहून येईल, संध्याकाळ होईल, तोपर्यंत बाहेर कुठे दुरुस्ती करू नका. सकाळचे साडेदहा वाजले होते, वरून पाऊस सुरू झाला होता आणि गाडीत लहान मूल होतं.

आम्हाला मदत केली ती साम्रदच्या एका बाबांनी. त्यांची पिकअप शेंडीला चालली होती, त्यांनी त्यांचा जॅक दिला, फुटलेलं चाक आणि स्टेपनी दोन्ही गाडीत टाकली, आमच्यातल्या एकाला सोबत नेलं, शेंडीत स्टेपनीचं पंक्चर काढलं, फुटलेल्याच्या जागी एक जुना पण बरा टायर बसवून घेतला आणि परत आणून सोडलं. "डिझेलचे द्या तेवढे" म्हणाले. त्याची पावती नाही आणि ते पैसे मी तुमच्याकडे मागतही नाहीये. पण तुमच्या रोडसाईड असिस्टन्सचे ३९९ रुपये बुकिंगच्या वेळी घेतलेत, ते नेमके कशाचे घेतलेत हे मला लेखी कळवा.

ब्रेकचा आवाज तोपर्यंत असा झाला होता की मुलगी कान झाकून बसली होती. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघायचं होतं, ते दारावरून सोडून दिलं. राजूरला गॅरेज उघडं सापडलं. मेकॅनिकने चाक काढलं, कॅलिपर खोलला आणि पॅड काढून माझ्या हातात दिला. नव्या पॅडला साधारण सेंटिमीटरभर जाड मसाला असतो, ह्याला काहीच नव्हतं, नुसती लोखंडी पट्टी, एका कडेने झिजून धार आलेली आणि निळी पडलेली. "ताई, पत्र्यावर पत्रा घासतोय, डिस्क पण खाल्ली ह्याने" म्हणाला आणि डिस्कवर नख फिरवायला सांगितलं, नख अडकत होतं एवढ्या खोल चरा. त्याचं म्हणणं होतं की एवढं दोन दिवसांत होत नाही, हे लई दिवसांचं आहे. तो जुना पॅड मी जपून ठेवलाय, तुमच्या माणसाला बघायचा असेल तर दाखवेन, पण देणार नाही.

आम्ही तिथून तुम्हाला फोन करून परवानगी मागितली. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं की अधिकृत सेंटरशिवाय दुरुस्ती केली तर चार्ज लागेल. मी विचारलं की मग ह्याच ब्रेकवर चंदनापुरी घाट चढून रात्री पुण्याला जाऊ का, तर म्हणाले ते तुम्ही ठरवा मॅडम. हा कॉल रेकॉर्ड होत असल्याचं सुरुवातीलाच सांगितलं जातं, तेव्हा रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ऐका.

आम्ही पॅड बदलले आणि परत आलो. आता कपातीचं बघू. टायर डॅमेजचे १,८००, अनधिकृत दुरुस्तीचे १,०००, उशिरा परत केल्याचे १,१०० आणि रफ टेरेनचे ७५०.

तारा बाहेर आलेला २०१७ चा टायर फुटला त्याचे पैसे आम्ही का द्यायचे? तुम्ही तो बदलायला हवा होता, आम्ही तर आमच्या खर्चाने दुसरा टायर घालून दिला. दुरुस्तीचं म्हणाल तर गाडीत सहा जण होते, ब्रेकशिवाय घाट करायचा नव्हता, त्याला दंड लावणं मला संतापजनक वाटतं. उशीर झाला तो तुमच्या गाडीमुळे झाला, अख्खा रविवार त्यातच गेला. आणि रफ टेरेन? घाटघर-साम्रद-रतनवाडी हा डांबरी रस्ता आहे, त्यावरून पर्यटकांच्या गाड्या रोज जातात, आम्ही डांबर सोडून कुठेही गाडी घातलेली नाही, तुमच्याकडे जीपीएस आहे, तपासा. वर तुमच्याच ॲपच्या पहिल्या पानावर भंडारदरा, माळशेज, ताम्हिणीचे फोटो लावून विकेंडला निघा म्हणून जाहिरात आहे, स्क्रीनशॉट जोडलाय. माळशेज, ताम्हिणी हे तर घाटच आहेत आणि पुण्याहून भंडारदऱ्याच्या ह्या वाटेवरही घाट आहे. लोकांना डोंगरात बोलवायचं असेल तर डोंगरात चालेल अशी गाडी द्या, आणि तिथे गेल्याबद्दल पैसे कापू नका.

डॅशबोर्डच्या कप्प्यातली पीयूसीसुद्धा संपलेली होती, त्याचाही फोटो आहे. कोणी अडवलं असतं तर दंड आम्हीच भरत बसलो असतो.

मला हवंय ते असं. कापलेले ४,६५० रुपये परत, राजूरच्या गॅरेजचं बिल २,६०० आणि शेंडीच्या टायरवाल्याचं १,७००, मिळून ८,९५० रुपये, ज्या खात्यातून डिपॉझिट भरलं त्याच खात्यात. गाडीचं भाडं ६,४०० होतं, त्यातला रविवारचा अर्धा भागही परत मिळायला हवा, कारण त्या दिवशी आम्ही गाडी वापरली नाही, गाडीची सेवा केली. शिवाय ह्या गाडीची शेवटची सर्व्हिस कधी झाली, ब्रेक आणि टायर कोणी तपासले, ते लेखी द्या. आणि प्रत्येक गाडी देताना टायर, स्टेपनी, जॅक आणि ब्रेक तुमच्या माणसाने ग्राहकासमोर दाखवायचे हा नियम करा. दहा मिनिटांचं काम आहे. पुण्यातून शुक्रवारी रात्री निघणाऱ्या तुमच्या बहुतेक गाड्या कुठल्या ना कुठल्या घाटातच जाणार आहेत, महाबळेश्वर घ्या, माळशेज घ्या, कोकणात उतरायचं म्हटलं तरी घाट आहेच, तेव्हा हे बारा महिने लागणारच आहे.

मला चॅटबॉटचं उत्तर नको आहे. "आपल्या असुविधेबद्दल खेद आहे" एवढं लिहून तिकीट क्लोज करू नका, मागच्या वेळी तेच केलंत. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं, मी तेवढी वाट बघेन. त्यानंतर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवेन आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे मी कंटाळून सोडून देईन असं धरू नका. तेव्हा मागणीत मानसिक त्रासाची भरपाईही असेल.

गाडी बुकिंगमधून काढल्याचं मात्र मला उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, त्याला महिना लावू नका.

सोबत जोडलंय: गाडी घेतानाचे आठ फोटो, फुटलेल्या टायरचे आणि कोडचे फोटो, जुन्या पॅडचा आणि डिस्कचा फोटो, मेकॅनिक चाक खोलतानाचा व्हिडिओ, दोन्ही बिलं, कॉल लॉग, पीयूसीचा फोटो, कपातीचा मेल आणि ॲपच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट.

आपली ग्राहक,
पुणे